संगणकावरील यादीची मांडणी

काळबादेवीच्या कोलभाट गल्लीतील निर्णयसागर छापखाना हा जावजी दादाजी यांनी १८६९ साली स्थापिला. तेथील जुळाऱ्यास देवनागरीची मुळाक्षरे, जोडाक्षरे, काने, मात्रा असे शेकडो प्रकारचे खिळे हाताळावे लागत. अशा कामात वारंवार लागणारे खिळे हाताशी व क्वचित लागणारे दूरच्या खणात, अशी पेटीची रचना असे. त्यामुळेच जुळाऱ्याचा हात न शोधता खणावर जाई.

शिक्षकबंधुभगिनींनो, संगणकाची यादी ही अशीच एक पेटी होय. मात्र ती आपण जशी येते तशीच मुलांपुढे ठेवतो. एका शाळेस लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून घेतलेला जुना, लिनक्स घातलेला संगणक देणगीरूपाने मिळाला. तिसरीतील एका मुलीची दहा मिनिटांची पाळी चित्रकलेचा टक्सपेंट शोधण्यातच सरत आली. अखेर तिने चुकून टर्मिनल उघडले, काळी चौकट दिसली, आणि यंत्र आपण मोडले असे समजून ती पुढच्या पाळीस बसलीच नाही. चूक मुलीची नव्हती. तिला नको असलेली चाळीस नावे समोर होती.

उपाय सोपा आहे. प्रथम विद्यार्थ्यांसाठी निराळे खाते उघडावे व त्याच खात्यात प्रवेश करून पुढील काम करावे, कारण यादीतील बदल त्या खात्यापुरताच राहतो. माटे नावाच्या पडद्यावर यादीच्या बटणावर माउसची उजवी कळ दाबली की यादी संपादित करण्याचा पर्याय मिळतो. (एक्सएफसीई असल्यास मेनूलिब्रे हे साधन वापरावे.) डावीकडे विभाग, उजवीकडे त्यातील नावे दिसतात. नावापुढील खूण काढली की ते यादीतून दिसेनासे होते. कार्यक्रम मात्र संगणकावर शाबूत राहतो. तेव्हा भीती नको. तथापि लपविणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे, हेही ध्यानात असावे. चौकस मूल अन्य वाटेने तो उघडू शकते, आणि मला त्यात फारसे वावगे वाटत नाही.

नावांची गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रत्येक नावामागे एक लहानशी मजकुराची फाइल असते. तीत कार्यक्रमाचे नाव, त्याचे चित्र व तो चालविण्याची आज्ञा लिहिलेली असते. मराठी नावासाठी स्वतंत्र ओळही लिहिता येते. मूळ फाइल सर्वांसाठीच्या कप्प्यात असते. आपण बदल केला की तिची प्रत त्या खात्याच्या घरात तयार होते व तीच ग्राह्य धरली जाते. म्हणून ‘टक्सपेंट’ऐवजी ‘चित्र काढा’, ‘रायटर’ऐवजी ‘निबंध लिहा’ असे खुशाल लिहावे. आज्ञेच्या ओळीस मात्र हात लावू नये. तेथे एक अक्षर चुकले तरी कार्यक्रम उघडत नाही.

किती नावे ठेवावीत? पहिली-दुसरीस चार-पाच पुरेत. कोणती, हे मुलांची पाळी आठवडाभर शेजारी बसून पाहिल्यावरच ठरवावे. काही बिघडलेच तर त्याच खिडकीत यादी पूर्ववत करण्याचे बटण आहे. ते दाबण्यापूर्वी आपण दिलेली मराठी नावे वहीत उतरून ठेवावीत, कारण तीही त्याबरोबर जातात.