मालवणला येतेस तर

मालवण,
कार्तिक वद्य पंचमी

चि. मनू हिस,


तुझा निरोप पोचला, सोबतची यादीही वाचली. दोन दिवसांत स्कुबा, पॅरासेलिंग, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड, किल्ला आणि शिवाय 'सगळ्यात भारी सुरमई थाळी'. तुम्ही चौघी मालवण बघायला येताय की उरकायला, असा मला प्रश्न पडला. नेमक्या त्याच आठवड्यात माझं डोळ्याचं ऑपरेशन मुंबईला ठरलंय आणि मामीही माझ्यासोबत असेल. तेव्हा ओटीवर बसून सांगितलं असतं ते कागदावर सांगतो.

यादी असू दे. फक्त तिचा क्रम तू लावू नकोस, समुद्राला लावू दे. निघण्याआधी कॅलेंडरात तिथी बघ. आमच्याकडचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी भरती, भर दुपारी ओहोटी. पुनवेला-अवसेला अकरा-बाराच्या सुमारास भरती. घड्याळ लावून तंतोतंत जमत नाही, थोडं मागेपुढे होतं, पण दिवस आखायला एवढं पुरतं. देवबागच्या पुढे कर्ली खाडीच्या मुखाशी जो वाळूचा पट्टा आहे, त्याला 2004 च्या त्सुनामीनंतर 'त्सुनामी आयलंड' हे नाव पडलं. भर भरतीला तो पाण्याखाली जातो. अष्टमीच्या संध्याकाळी तिथे जाऊन 'आयलंड कुठेय' म्हणून विचारशील, तर नाववाला हसेल आणि पैसे मात्र पूर्ण घेईल.

वारा हीही एक गोष्ट. डिसेंबरात सकाळी पाणी शांत असतं, दुपारनंतर वारा सुटतो. पाण्यातलं जे काही करायचं ते सकाळी करा. जेवण दुपारी, बाजार आणि बंदर संध्याकाळी.

आता खाण्याचं. तू कुठलं हॉटेल चांगलं म्हणून विचारलंस. नाव सांगत नाही. आज चांगलं असलेलं उद्या आचारी बदलला की बिघडतं. त्यापेक्षा पहिल्या संध्याकाळी बंदरावर जा. होड्या लागतात, वाळूवर मासळीचे वाटे पडतात आणि लिलाव सुरू होतो. बाजूला उभी राहा, मध्ये घुसू नकोस, कुणाच्या तोंडासमोर मोबाईल धरू नकोस. नुसतं बघितलंस तरी आज समुद्राने काय दिलंय ते कळेल. मग खानावळीत जाऊन 'थाळीत काय काय मिळतं' असं न विचारता 'आज काय गावला?' असं विचार. बाई म्हणाली, 'आज पेडवे आणि सौंदाळे, सुरमय कालची हा,' तर त्या बाईकडे डोळे मिटून जेव. आणि बारा महिने तेरा काळ सुरमई-पापलेटच मिळतं असं जिथे सांगतील, तिथे बर्फाच्या पेटीतलं खाशील.

सगळे सुरमईच्या मागे लागल्यामुळे तिचा भाव चढलाय, आणि वीतभर पिल्लंही तळून ताटात येतात. 2023 साली सरकारने 54 जातींच्या मासळीचं किमान आकारमान ठरवून दिलं, तरी ताटात बघणारा कोण? तू बघ. लहान सुरमई समोर आली तर परत कर, आणि बांगडा माग. बांगड्याचं तिखलं ही खरी मालवणी वस्तू. दाट, लालभडक, तिरफळाच्या वासाचं. त्यातली तिरफळं ताटाच्या कडेला काढून ठेव. चावलीस तर जीभ बधिर होईल आणि पुढच्या घासांची चव जाईल. बांगडा, तारली, पेडवे अशा तेलकट माशांनाच तिरफळ घालतात, पापलेटाच्या आमटीत ते शोधू नकोस. मुडदुसे मिळाले तर तळलेले घे. तिसऱ्या मिळाल्या तर सुकं. मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, मटण एकदा चाखून बघायला हरकत नाही, मला स्वतःला फारसं आवडत नाही. कोंबडी-वडे रात्री नको, जड होतात. आणि सुरमईच्या थाळीची किंमत तुकड्यावर असते, तेव्हा ऑर्डर देण्याआधी विचार. विचारण्यात कमीपणा नाही, बिल आल्यावर भांडण्यात आहे.

तुमच्यातली एक शाकाहारी आहे म्हणतेस. तिची काळजी करू नकोस, उलट मला तिचा हेवाच वाटतो. काळ्या वाटाण्याचा सांबार आणि आंबोळ्या, घावन आणि नारळाची चटणी, आणि कुठे आधी सांगून मिळालेच तर नारळाच्या गोड रसातले शिरवाळे. तुम्ही याल तेव्हा मार्गशीर्ष असेल. गुरुवारी कितीतरी घरांत मासळीला हात लागत नाही. घरगुती खानावळीत जेवणार असाल तर गुरुवारसाठी आदल्या दिवशीच चौकशी करा, नाहीतर चौघीही वाटाण्यावर याल. तेही काही वाईट नाही.

पिण्याचं बोलायचं तर आधी सोलकढी. पेल्यात गुलाबी रंग भडक दिसला की समज, कोकमाच्या आगळापेक्षा बिटाचं काम जास्त आहे. चांगल्या सोलकढीचा रंग फिका, जांभळट, आणि नारळाचं दूध दाट लागतं, वर लसूण-मिरचीची नुसती चाहूल. घरी नेण्यासाठी आगळ घे, ते मिठाचं असतं आणि टिकतं. साखरेचं सरबत पुण्यातही मिळतं.

दुसरं पिणं. तू वयाने मोठी आहेस, मी आजोबांसारखा डोळे वटारणार नाही. माडी प्यायची तर सकाळची, माडावरून नुकती उतरवलेली. ती गोडसर असते. जसजसं ऊन चढतं तसतशी ती आंबते आणि चढते. ओळखीच्या, परवानेवाल्या माणसाकडूनच घ्या, रस्त्याकडेच्या कॅनमधली नको. पाण्यात उतरायचं असेल त्या दिवशी माडी नाही, बियरही नाही, यावर चर्चा नको. तुझ्या मैत्रिणी 'गोवा जवळच आहे, स्वस्तात बाटल्या आणू' म्हणतील. जवळ आहे हे खरं, पण परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि बांद्याला उत्पादन शुल्कवाले गाड्या उघडून बघतात. काजूची हुर्राक प्यायची हौस असली तर ती उन्हाळ्यात गोव्यात जाऊन, तिथेच.

स्कुबाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुझ्या आईला झोप लागणार नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, सुमारे 29 चौरस किलोमीटर. खाली प्रवाळ आहेत, पट्ट्यापट्ट्यांचे मासे आहेत. इथे स्कुबा म्हणून जे विकतात ते म्हणजे शिकवणारा तुझा हात धरून थोड्या खोल पाण्यात थोडा वेळ नेऊन आणतो. तेही छान आहे, फक्त आपण पाणबुडे झालो असं समजू नकोस. खरंच शिकायचं मनात आलं तर तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कुबा डायव्हिंगची संस्था आहे, पण तिथे काही दिवस काढावे लागतात, दोन दिवसांच्या धावपळीत जमत नाही.

सर्दी असेल तर उतरू नकोस, कानाला इजा होते. दम्याचा त्रास कुणाला असेल तर आधी सांगायचं, लपवायचं नाही. पाण्याखाली श्वास रोखायचा नाही, संथ घेत राहायचा. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, तो दगड नाही, जिवंत आहे. आणि फोटोसाठी माशांना बिस्किटं टाकणारा भेटला तर त्याला तिथल्या तिथे नको म्हण.

बोटीत चढताना माणसं मोज आणि लाइफ जॅकेटं मोज. मे 2022 मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली आणि दोघं गेले. त्याआधी एप्रिल 2017 मध्ये वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावकडच्या सहलीतले आठ जण बुडाले. तिथलं पाणी वरून इतकं निवांत दिसतं की कुणालाही आत जावंसं वाटावं. तुला घाबरवायचं नाही. फक्त पोहायच्या जागी स्थानिक माणूस 'हंय नको' म्हणाला तर कारण विचारत बसू नकोस, बाहेर ये.

किल्ल्याला मात्र घाई करू नका. बोटवाला परतीची वेळ सांगतो आणि लोक तेवढ्यात फोटो काढून येतात. 25 नोव्हेंबर 1664 ला महाराजांनी कुरटे बेटावर काम सुरू केलं. त्याआधी पूजा केली तो मोरयाचा धोंडा किनाऱ्यावर आहे, तोही बघा, तिथे गर्दी नसते. किल्ला जवळजवळ 48 एकरांचा, तटबंदी तीन किलोमीटरच्या घरात. बोटीतून जाताना एक खेळ खेळा: दरवाजा कुठे आहे ते ओळखायचं. बुरुजांच्या वळणात तो असा दडवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. शत्रूच्या तोफेलाही तो तसाच दिसत नव्हता. आत शिवराजेश्वराचं मंदिर, राजाराम महाराजांच्या काळातलं. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी गोड्या पाण्याच्या, चारी बाजूंनी खारं पाणी असताना. आत अजून काही कुटुंबं राहतात. ती माणसं आहेत, देखावा नव्हे, हे मैत्रिणींना सांग. तटावरून चालत निघा, अर्ध्या वाटेवर कुणी थकलं तर बसा.

पॅरासेलिंग करायचं तर करा. मला त्यात गम्य नाही, पैसे तुमचे.

पैसे न घेणारं धाडस हवं असेल तर एखाद्या पहाटे तारकर्ली किंवा देवबागच्या वाळूवर रापण ओढायला जा. होडी लांबवर जाळं टाकून अर्धवर्तुळ करून येते आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्यांवर माणसं उलटं चालत ओढत राहतात. तास, कधी जास्त. 'हात लावू काय?' म्हणून आधी विचारायचं, आणि एकदा लावला की जाळं वर येईपर्यंत सोडायचा नाही. सेल्फी नंतर. तळहात सोलतील. जाळ्यात शिंगाळे असतात, त्यांचे काटे विषारी. पाकटाच्या शेपटीला तर चुकूनही हात नको. शेवटी कुणीतरी तुमच्या हातात मूठभर पेडवे ठेवील. नको म्हणू नका, तो तुमचा वाटा आहे. एखादा दिवस जाळ्यात जेलीफिश आणि प्लास्टिकच येतं. पर्ससीनवाल्या मोठ्या बोटींनी काय शिल्लक ठेवलंय, हे तेव्हा त्या माणसांकडून ऐकून घ्या. माझ्याकडून ऐकलंत तर पत्र संपणार नाही.

रात्रीसाठी कुठल्याच दुकानात चौकशी नको. जत्रांचे दिवस आहेत. रिक्षावाल्याला विचार, 'आज दशावतार खंय?' आणि जेवून उशिरा जा. नाटक रात्रभर चालतं, संवाद लिहिलेले नसतात, बाप्येच लुगडं नेसून राण्या होतात, आणि हार्मोनियम-पखवाजावर राक्षस मंडपात येतो तेव्हा पुढची पोरं खरंच मागे सरकतात. शाल न्या, थंडी पडते. खाजा घ्या, गुळाचा आणि आल्याचा ताजा असेल तोच. म्हणजे तुमचा दुसऱ्या दिवसाचा डॉल्फिन बुडाला. बुडू दे. रात्र जागून सकाळी निवतीच्या समुद्रात होडीत बसलीस तर मासे तू खाणार नाहीस, माशांनाच खायला घालशील.

घराची चावी शेजारच्या काकींकडे ठेवतोय. पंप सकाळी दहा मिनिटं, जास्त नको, विहिरीचं पाणी यंदा लवकर खाली गेलंय. स्वयंपाकघरात मामीने मालवणी मसाल्याची बरणी आणि सोलं ठेवलीत, लिलावातून बांगडे घेतलेत तर काकी साफ करायला शिकवतील. त्यांच्यासाठी पुण्याहून बाकरवडी आण. कुडाळला उतरल्यावर फोन कर, मुंबईला असलो तरी फोन मामी उचलेल.

आईला आशीर्वाद सांग.

तुझा,
मामा