ब्रिजची पहिली उतारी

हुकूम, उतारी, भिडू हे पत्त्यांतले शब्द तुम्हांला माहीतच आहेत. ब्रिजमध्ये तेच आहेत. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला आणि प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार यांनी भारताला पुरुष जोडीचे सुवर्णपदक मिळवून दिले.

ब्रिजमध्ये आधी बोली होते. मग डाव खेळणाऱ्याच्या डावीकडचा खेळाडू पहिली उतारी करतो. समोरचे पत्ते त्यानंतरच उघडतात. म्हणून ऐकलेली बोली हाच त्याचा आधार.

समजा, प्रतिपक्षाची बोली तीन बिनहुकमी, म्हणजे नऊ हात करण्याची आहे. तुमचा सर्वांत लांब रंग इस्पिक : राजा, गुलाम, 8, 5, 2. वरून चौथा पत्ता, म्हणजे 5 उतरावा. भिडू 11 मधून 5 वजा करतो; बाकी तीन हातांत त्याहून मोठे 6 पत्ते आहेत, हे त्याला कळते.

परंतु भिडूने बदामाची बोली केली असेल, तर बहुधा बदामच उतरावे. भिडूचे न ऐकता नुसता नियम पाळला, तर हातचा डाव जातो.

गृहपाठ : चौथा पत्ता 7 असेल, तर बाकी तीन हातांत मोठे पत्ते किती? कारणासह लिहा.