मुखाचे तारुण्य आणि शल्यकर्म : रुग्णास काय सांगावे?

पुणे-सातारा रस्त्यावरील किकवी, नसरापूर, भोर या पट्ट्यातील वैद्यांना अलीकडे एक नवा प्रश्न ऐकावयास मिळतो. वांग किंवा तारुण्यपिटिकांवर लेप मागणारे रुग्ण पूर्वीप्रमाणेच येतात. परंतु आता पन्नाशी ओलांडलेली एखादी भगिनी, ‘पुण्यात सुरकुत्या काढण्याचे ऑपरेशन करतात म्हणे, करून घेऊ का?’ असेही विचारते. अशा वेळी ‘हे थेर कशाला?’ असे उत्तर देणे आम्हांस उचित वाटत नाही. प्रधानकर्म प्लास्टिक सर्जनने करावयाचे असले, तरी पूर्वकर्म आणि पश्चात्कर्म यांचा बराचसा भाग आपल्याच दारात घडतो.

हा विषय आपल्या परंपरेस परका नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कर्णसंधान व नासासंधान वर्णिले आहे. त्याच जातीचे कर्म पुण्याजवळ प्रत्यक्ष घडल्याची नोंद लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’च्या ऑक्टोबर 1794 च्या अंकात आहे. इंग्रजी सैन्यातील कावसजी नावाच्या मराठा बैलहाक्याचे नाक व एक हात 1792 च्या युद्धात टिपूच्या कैदेत कापले गेले होते. सुमारे वर्षभराने विटा भाजणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळावरील त्वचेचे नवे नाक बसविले. मेणाच्या पत्र्याने माप घेतले, त्वचा सोडविली, मात्र दोन्ही डोळ्यांमध्ये तिची एक पट्टी जोडलेलीच ठेवली. जखमेवर पाण्यात कालवलेल्या काताच्या कापडपट्ट्या आणि चार दिवसांनंतर तुपात भिजविलेल्या पट्ट्या ठेवल्या. ती जोडपट्टी कापली सुमारे पंचविसाव्या दिवशी! हे वर्णन वाचूनच जोसेफ कार्प्यू यांनी 1814 मध्ये लंडनमध्ये तसे कर्म केले.

पंचवीस दिवसांची ही प्रतीक्षा कशासाठी? उचललेली त्वचा जगते ती तिच्यात पोहोचणाऱ्या रक्तावर. आजच्या शस्त्रक्रियेतही वर्म हेच आहे. तीत कानाच्या पुढून, पाळीखालून आणि मागे केसांत छेद घेऊन गालाची त्वचा सोडवितात, खालचा स्नायु-आवरणाचा थर ताणून बसवितात आणि जादा त्वचा कापून टाकतात. सोडविलेल्या त्वचेची कड काही काळ अल्प रक्तावर तगते.

म्हणून पूर्वकर्मात पहिला प्रश्न मिश्रीचा. आपल्या भागातील अनेक स्त्रिया ‘मला तंबाखूचे व्यसन नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतात आणि दिवसातून दोन-तीन वेळा मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातील निकोटीनने त्वचेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित होतात आणि कानामागील त्वचा काळी पडून झडू शकते. सर्जन ‘सिगारेट ओढता का?’ असे विचारतो, मिश्रीविषयी विचारीलच असे नाही. ते आपण विचारावे. मिश्री शस्त्रक्रियेपूर्वी किमान चार आठवडे आणि नंतर व्रण भरेपर्यंत बंद हवी.

दुसरा प्रश्न रक्तदाबाचा. या शस्त्रक्रियेतील नेहमीचा उपद्रव म्हणजे त्वचेखाली रक्त साठणे, आणि उच्च रक्तदाबाने त्याचा धोका वाढतो. येथे औषधविक्रेते बंधूंचेही लक्ष वेधावेसे वाटते. यष्टीमधु आपण निर्धास्तपणे देतो. परंतु दीर्घकाळ अधिक मात्रेत घेतल्यास ते रक्तदाब वाढविते आणि रक्तातील पोटॅशियम घटविते. लसणीचे कल्प रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा आणतात. गुग्गुळकल्पांविषयीही तशीच सावधगिरी बाळगावी. अशी औषधे साधारण दोन आठवडे आधी थांबवावीत आणि रुग्ण घेत असलेल्या सर्व चूर्ण-वटींची यादी लिहून सर्जनकडे द्यावी. हृदयविकारासाठी चालू असलेले ॲस्पिरिन मात्र ते देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणी बंद करू नये.

नंतरचे दिवस कसे जातात, हे रुग्णास आधीच स्पष्ट सांगावे. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. आरशात पाहून रडू येते ते याच वेळी. काळे-निळे डाग दोन आठवड्यांत बहुधा ओसरतात, टाके पाच ते दहा दिवसांत निघतात. गाल व कानाची पाळी बधिर राहते, ते काही आठवडे, क्वचित काही महिने. चेहऱ्याच्या चेतातंतूस इजा होऊन ओठ वा भुवई वाकडी राहण्याचा संभव थोडा असतो. असे झाल्यास बहुधा हळूहळू सुधारते, क्वचित कायम राहते. वण फिके होण्यास सहा महिने ते वर्ष लागते. आपल्याकडील सावळ्या त्वचेत वण जाड किंवा काळसर राहण्याची प्रवृत्ती असते. व्रणाच्या साठ उपक्रमांत कृष्णकर्म व पांडुकर्म यांना स्थान देणाऱ्या आचार्यांना वणाच्या रंगाचे हे दुखणे चांगलेच ठाऊक होते.

पहिल्या चोवीस तासांत एका बाजूस अचानक वेदना, ताण आणि वाढती सूज दिसली, तर लेप-काढ्यात वेळ दवडू नये. रुग्णास तत्काळ सर्जनकडे पाठवावे. याच कारणास्तव कात्रज ओलांडून त्याच संध्याकाळी गावी परतण्याची घाई नको. एक-दोन रात्री पुण्यातच मुक्काम असावा. सर्जनची अनुमती मिळेपर्यंत मुखाभ्यंग, मुखलेप, नस्य व स्वेदन वर्ज्य समजावे. बधिर गालावर तर वाफ व शेक कदापि नको, कारण भाजलेले रुग्णास कळतही नाही.

फळाविषयीची अपेक्षाही मोजकीच असावी. लोंबलेली हनुवटीकडील कड व मानेची सैल त्वचा सुधारते. बारीक सुरकुत्या, वांग, उन्हाने आलेला खरखरीतपणा यांवर या कर्माचा उपयोग नाही. परिणाम साधारण सात ते दहा वर्षे दिसतो, कारण वय पुढे जातच असते. स्टिरॉइडयुक्त गोरेपणाची मलमे वर्षानुवर्षे चोळून त्वचा पातळ झाली असेल, तर ती मलमे कोठून घेतली तेही विचारावे. या बाबतीत आपल्याच दुकानांची झडती घेण्यासारखी स्थिती आहे.

आणखी एक. विचारणाऱ्या कित्येक भगिनींना खरे शल्य असते ते जड कुड्यांनी फाटलेल्या कानाच्या पाळीचे. ती पाळी स्थानिक भूल देऊन अल्पावधीत सांधता येते. ‘तोंड म्हातारे दिसते’ असे म्हणणाऱ्या रुग्णेचा पदर थोडा बाजूस करावयास सांगून कान अवश्य पाहावेत.