जाहिरातीतील गाणे कोणाचे?

वाणिज्य शाखेत आपण कच्चा माल, मजुरी, भाडे, जाहिरातखर्च अशा प्रत्येक बाबीची नोंद ठेवावयास शिकतो. तथापि एक माल असा आहे की तो व्यापारात सर्रास वापरला जातो, पण जमाखर्चाच्या वहीत कधीच दिसत नाही. तो माल म्हणजे गाणे. आज खानापूरसारख्या तालुक्याच्या गावीही कापड दुकानदार वा विटा-कौलांचा कारखानदार स्वतःची वेबसाईट काढतो, मालाची चित्रफीत तयार करतो आणि तिला एखादे लोकप्रिय मराठी वा कन्नड गाणे जोडून देतो. हे कितपत न्याय्य आहे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

एका गाण्यात एकाहून अधिक हक्क असतात, हे प्रथम ध्यानात घ्यावे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या गीतरामायणाचे उदाहरण घेऊ. त्याचे शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवी व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. माडगूळकर १९७७ साली निवर्तले, फडके २००२ साली. म्हणजे शब्दांवरील हक्क २०३७ अखेर व संगीतावरील हक्क २०६२ अखेर संपेल. ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा. त्याची मुदत मुद्रण प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षे. तुकोबांचे अभंग आणि पुरंदरदासांची पदे यांचे शब्द सर्वांचेच आहेत. पण तेच शब्द पंडित भीमसेन जोशींनी गायिले, तर त्या मुद्रणाचा हक्क मुदत संपेपर्यंत राखीव असतो.

मग काय गाणे गुणगुणायचेही नाही? तसे मुळीच नाही. कायदा याबाबतीत बराच उदार आहे. धार्मिक विधी, लग्नाची वरात व लग्नासंबंधीचे समारंभ यांना सवलत आहे. विद्यार्थी व शिक्षकांनी महाविद्यालयाच्या कार्यक्रमात विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यापुढे गाणे सादर करण्यासही मुभा आहे. दुकानाच्या जाहिरातीला मात्र अशी सूट नाही. जाणूनबुजून हक्कभंग केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसेल, तर न्यायालय याहून कमी शिक्षा देऊ शकते. म्हणजे भक्ती, आनंद व शिक्षण एका बाजूस आणि नफा दुसऱ्या बाजूस, असा भेद कायद्यानेच केला आहे.

ही रेषा कोठे आखावी, यावरून आपल्या शेजारीच वाद झाला. लग्नसमारंभातील संगीतासाठी परवान्याची वा रॉयल्टीची सक्ती करू नये, असे परिपत्रक गोवा शासनाने जानेवारी २०२४ मध्ये काढले. ध्वनिमुद्रणांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेने त्याविरुद्ध दाद मागितली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. तात्पर्य, कायद्यातील सवलत परिपत्रक काढून वाढविता येत नाही. लग्नाच्या बाबतीत ही गत, तर दुकानदाराने स्वतःच स्वतःला सवलत द्यावी हे कसे चालेल?

यावर नेहमीचा आक्षेप असा की पैसा शेवटी कंपनीलाच मिळतो, कलावंताला काय मिळते? पूर्वी या म्हणण्यात तथ्य होते. मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माताच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला होता. परंतु जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा प्रश्न लावून धरला आणि २०१२ च्या दुरुस्तीने चित्र पालटले. आता चित्रपटगृहाबाहेर गाणे वापरले गेल्यास गीतकार व संगीतकार यांना रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा हक्क आहे, आणि तो निर्मात्याला लिहून देताही येत नाही. अर्थात आपण बुडविलेल्या रकमेत कवीचाही वाटा असतो.

"थोडेसेच वाजविले", "खाली नाव दिले", "इतके सारे वाजवितात" ही उत्तरे पुरेशी नाहीत. शेजारच्या वीटभट्टीवरून शंभर विटा न विचारता उचलाव्या आणि भिंतीवर भट्टीवाल्याचे नाव लिहावे, तर त्याने त्याचे पोट भरेल काय?

लहान दुकानदाराची ऐपत बेताची असते, हे खरे. पण मार्ग आहेत. व्यापारी वापराची स्पष्ट मुभा असलेले संगीत घ्यावे. त्याहून उत्तम म्हणजे आपल्याच तालुक्यातील पेटीवादक वा भजनी मंडळाकडून नवी चाल बसवून घ्यावी, लेखी करार करावा व ठरलेले मानधन द्यावे. मात्र त्यांच्याकडून चित्रपटातील चाल उतरवून घेऊ नये. तसे केल्यास प्रश्न जेथल्या तेथेच राहतो.

आपल्यापैकी अनेकजण उद्या दुकाने काढतील, कित्येकजण इतरांचे हिशेब लिहितील. त्या हिशेबात जाहिरातखर्चाखाली 'संगीत मानधन' अशी एक ओळ अवश्य असावी. रक्कम लहान असली तरी चालेल.