डेथ, टॅक्सेस आणि बाबांची फाईल

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक २७

जुलै महिना आला की ऑफिसात कोणीतरी हमखास म्हणतं, "काय करणार यार, डेथ अँड टॅक्सेस!" सगळे हसतात आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घालतात. मीही हसायचे. या जुलैत मात्र हसू आलं नाही, कारण या वर्षी माझ्या टेबलावर दोन्ही एकदम आले होते. बाबा नोव्हेंबरात गेले, आणि त्यांचं रिटर्न मला भरायचं होतं.

आधी या वाक्याबद्दल थोडं. मरण आणि कर सोडून जगात काहीच निश्चित नाही, हे वाक्य बेंजामिन फ्रँकलिनच्या नावावर ओळखलं जातं. १३ नोव्हेंबर १७८९ ला त्याने आपला फ्रेंच मित्र ज्यां-बाप्तिस्त ल रॉय याला पत्र लिहिलं. अमेरिकेची नवी राज्यघटना टिकेल असं दिसतंय, असं सांगता सांगता त्याने हे जोडून दिलं. ही कल्पना त्याचीच पहिली नव्हे. डॅनियल डिफोच्या १७२६ मधल्या पुस्तकातही ती सापडते. पण फ्रँकलिन तेव्हा ८३ वर्षांचा होता, आजारी होता, आणि पाच महिन्यांनी, १७ एप्रिल १७९० ला गेला. म्हणजे आपण ऑफिसात जो विनोद म्हणून फेकतो, तो त्याने स्वतःचं मरण समोर दिसत असताना लिहिला होता.

आपल्याकडची गोष्ट तर अजून विलक्षण आहे. भारतात प्राप्तिकर आणला जेम्स विल्सन यांनी. कायदा २४ जुलै १८६० ला लागू झाला आणि ११ ऑगस्टला विल्सन कोलकात्यात आमांशाने वारले. जेमतेम अठरा दिवस! कर आजही चालू आहे.

आता आजच्या श्लोकाकडे येऊ. भगवंतही इथे दोन निश्चित गोष्टींची जोडी सांगतात, पण ती वेगळी आहे. जन्मलेल्याला मरण निश्चित आणि मेलेल्याला जन्म निश्चित. म्हणून जे टळणारच नाही, त्याबद्दल शोक करणं योग्य नाही. 'अपरिहार्य' हा आपला रोजचा मराठी शब्द या श्लोकातही आहे.

खरं सांगू? मला या श्लोकाचा राग आला होता. बाबांच्या तेराव्याला एका नातेवाइकांनी आईला तो ऐकवला. आई रडत होती आणि ते म्हणाले, "वहिनी, गीतेतच सांगितलंय, शोक करू नये." आई गप्प झाली. तिचं दुःख कमी झालं नव्हतं, फक्त तोंड बंद झालं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी दुसरा अध्याय उघडला नाही.

मग एके रात्री शांतपणे वाचलं. हा श्लोक कोण, कोणाला, कधी सांगतंय? समोर अर्जुन आहे. त्या दिवशी त्याचं अजून कोणीच गेलेलं नाही. पुढे होणाऱ्या मरणाच्या विचाराने तो हातातलं काम टाकून खाली बसलाय. त्याला उठवण्यासाठी भगवंत हे बोलतात, आणि थोड्याच श्लोकांनंतर स्वधर्माचा विषय काढतात. रडणाऱ्या बाईला गप्प करायला हा श्लोक आलेला नाही.

आणि महाभारतात रडायला जागा नाही असं कोण म्हणेल? युद्ध संपल्यावर एक अख्खं स्त्रीपर्व आहे. गांधारी रणभूमीवर उभी राहून एकेकाचं नाव घेऊन विलाप करते, आणि श्रीकृष्ण समोर उभे राहून ऐकतात. याच पर्वात, गंगेवर तर्पण चालू असताना, कुंती सांगते की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. युधिष्ठिर कोसळतो. पण तर्पण थांबवत नाही. ज्याला शत्रू समजत होता, त्याचंही देणं फेडतो. शोक आहे आणि कर्तव्यही आहे. एकामुळे दुसरं सुटलं नाही.

आता पुन्हा माझ्या टेबलावर. पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करताना 'मृत' हा पर्याय निवडायचा होता. बाबांच्या पॅन नंबरासमोर तो शब्द! दहा मिनिटं माझा हात हलला नाही. शेवटी सीए काकांना फोन लावला. ते म्हणाले, "बेटा, ते गेले त्या तारखेपर्यंतचा हिशोब त्यांचा. त्यापुढचा तुमचा."

काका करकायद्याचा नियम सांगत होते, पण मला त्या दिवशी तेच प्रवचन वाटलं.

मी बाबांची फाईल उघडली. रबरबँड लावलेली, प्रत्येक पावतीवर पेन्सिलने तारीख. बँकेच्या व्याजाची सर्टिफिकेटं वर्षानुसार लावलेली. माणूस गेला, पण कोणाचं बुडवायचं नाही ही त्याची सवय त्या फाईलमध्ये तशीच होती. १,८४० रुपये कर निघाला. तो भरला, रिटर्न सबमिट केलं आणि मग लॅपटॉप बंद करून पोटभर रडले.

फ्रँकलिनच्या जोडीतला दुसरा शब्द मला तेव्हा उलगडला. कर म्हणजे नुसतं सरकारी झंझट नाही, ते देणं आहे. आपली परंपरा तर म्हणते की माणूस जन्मतोच ऋण घेऊन : देवांचं, ऋषींचं, पितरांचं. तिसऱ्या अध्यायात (३.१२) गीता आणखी स्पष्ट बोलते. मिळालेलं परत न देता जो एकटाच भोगतो, त्याला ती सरळ चोर म्हणते. म्हणजे मरण टळत नाही आणि देणंही टळत नाही. फरक इतकाच की मरण आपल्या हातात नाही, देणं हातात आहे. भगवंत अर्जुनाला हेच दाखवतायत. हातात नाही त्याच्या भीतीने, हातात आहे ते सोडू नकोस.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी नुकतंच आपलं माणूस गमावलं असेल, तर कृपा करून या श्लोकाने स्वतःचे अश्रू दाबू नका. रडा. आणि दुसरं कोणी रडत असेल तर त्याला श्लोक ऐकवू नका, शेजारी बसा. मग सावकाश बघा, त्या माणसाच्या हिशोबातलं काय आता तुमच्याकडे आलंय. कोणाची अर्धवट राहिलेली मदत, कोणाला दिलेला शब्द, किंवा एखादी चांगली सवय.

आजचा संकल्प : जे टळणार नाही त्याची यादी करत बसू नका. ज्याचं देणं लागतो असं एक नाव आठवा, आणि आज रात्री झोपण्याआधी त्यातलं थोडं तरी फेडा. पैसे असतील तर पैसे, फोन असेल तर फोन, माफी असेल तर माफी.

मी आज आईला फोन करून म्हटलं, "त्या दिवशी तुला रडू द्यायला हवं होतं." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जेवलीस का?"

।। श्रीकृष्णार्पणमस्तु ।।