माळ्याचे लाकूड

घरात कडीपाटाचा माळा करायचा म्हणजे आधी कड्या टाकायच्या आणि त्यांवर फळ्या ठोकायच्या. काम सोपे दिसते. पण वखारीतले लाकूड क्वचितच एका मापाचे असते. सहा इंची म्हणून आणलेली कडी एका टोकाला सहा भरते, दुसऱ्या टोकाला पावणेसहा. असे का होते? कापताना करवत थोडी इकडेतिकडे जाते. शिवाय ओले लाकूड कापले तर ते वाळताना रुंदीत व जाडीत आटते. लांबीत जवळजवळ आटत नाही.

पाव इंच म्हणजे दोन सूत. "दोन सुतानं काय होतंय?" असे पुष्कळजण म्हणतात. आपण हिशेबच करू. कडी ६ इंच उंच, ३ इंच जाड, १० फूट लांब. तिन्हींचा गुणाकार १८०. त्याला १४४ ने भागा. सव्वा घनफूट आले. तेवढ्याचे पैसे आपण मोजले. अशा २० कड्या घेतल्या आणि प्रत्येकीची उंची दोन सूत कमी निघाली, तर एक घनफुटाहून जास्त लाकूड आपल्याला मिळालेच नाही! म्हणून आम्ही म्हणतो, टेप घेऊन स्वतः वखारीत जा. दोन्ही टोके आणि मधला भाग मोजा. वखारवाला तोंड वाकडे करील. करू द्या.

लहानमोठ्या कड्या तशाच टाकल्या तर फळी उंच कडीवर टेकते, बुटक्या कडीवर अधांतरी राहते. पाय पडला की ती कुरकुरते, मग खिळे सैल होतात. डोक्यावर पोते घेतलेल्या माणसाला हे बरे नव्हे.

यासाठी दोन्ही कडेच्या कड्या आधी एका पातळीत बसवा. त्यांच्या टोकांवरून दोरी ताणा. मधली कडी दोरीच्या वर आली, तर ती भिंतीवर टेकते तेवढ्याच भागात खालून तासा. खाली राहिली, तर टोकाखाली पक्क्या लाकडाची चीप द्या. पुठ्ठा नको, तो चेपतो. खाच दोन-तीन सुतांचीच असावी. कडीचा मधला भाग तर मुळीच तासू नका. लाकडाचा जोर जातो. कडीला बाक असेल तर फुगवटा वर ठेवा.

फळ्यांचे तसेच. जाड फळी कडीवर येते तिथे खालून रंधा मारा. एका ओळीत एकाच रुंदीच्या फळ्या लावा. ओल्या फळ्या मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा, चांगल्या वाळू द्या, मगच ठोका. नाहीतर उन्हाळ्यात फटी पडतात आणि माळ्यावरचे धान्य खाली चुलीपाशी गळू लागते.