पाय गेल्यावर वजन सांभाळा



मधुमेहाची जखम चिघळून, लोकलखाली येऊन किंवा यंत्रात सापडून पाय गमावलेली माणसं आपल्या वस्त्यांत आहेत. टाके सुकले की उपचार संपले, असं घरच्यांना वाटतं. आम्ही सांगतो, जन्मभराची काळजी तिथून सुरू होते. त्यात वजनाकडे फार दुर्लक्ष होतं.

वजन का वाढतं?

चालणं थांबतं, जेवण तेवढंच राहतं. शिवाय घरचे मायेपोटी गोड चहा, खारी, भजी पुढे करतात. वजनकाटाही फसवतो. गुडघ्याखालचा पाय पावलासह शरीराच्या सुमारे 6 टक्के, तर अख्खा पाय सुमारे 16 टक्के भरतो. म्हणून गुडघ्यापासून पाय कापलेल्या माणसाचं वजन काट्यावर 64 किलो आलं, तर ते 68 समजायचं.

त्यानं काय होतं?

जयपूर फूट असो वा दुसरा कृत्रिम पाय, त्याचं सॉकेट मापानं बनवलेलं असतं. वजन वाढलं की ते आवळतं, कातडी सोलवटते. वजन घटलं की ढिलं होऊन तोल जातो. मग पाय खाटेखाली पडून राहतो, माणूस घरात अडकतो, काम सुटतं. शाबूत पायाच्या गुडघ्यावर आणि कमरेवर भार येतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकाराचा धोका वाढतो.

काय करावं?

• महिन्यातून एकदा वजन करून वहीत लिहा. अचानक घटलं तर साखर आणि टीबीची तपासणी करून घ्या.
• चहातली साखर आणि तळलेलं कमी करा. डाळ, पालेभाजी, अंडी ठेवा. जखम भरत असताना उपाशी राहू नका.
• बसल्या जागी पाण्याच्या बाटल्या धरून रोज हात वर-खाली करा. छातीत दुखलं तर थांबा, दवाखाना गाठा.
• कापलेल्या भागाची कातडी आणि शाबूत पायाचा तळवा रोज रात्री पाहा.
• कृत्रिम पाय घट्ट किंवा ढिला झाला तर टाकून देऊ नका, जिथून घेतला तिथे नेऊन दाखवा. मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे.

शेवटचं आपल्या सर्वांसाठी. विहाराच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधा, म्हणजे हा माणूस वंदनेला स्वतः येईल, चालता राहील. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं त्याला समान हक्क दिले आहेत. त्याला दया नको, बरोबरीची जागा हवी.